उसना रंग

दिल्लीच्या दक्षिण भागात एका सरकारी वसाहतीलगत एक लहानशी मराठी खानावळ आहे. चार बाकडी, एक पंखा, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर आणि आत चुलीपाशी उभ्या असलेल्या काकू, एवढाच तिचा संसार. बदलीच्या नोकरीत घरदार मागे ठेवून आलेल्या आमच्यासारख्या पाच-पंचवीस मंडळींना दुपारची भाकरी तेथे मिळते. तिच्यासाठी आम्ही काकूंचे किती ऋणी आहोत, हे परमुलखात दिवस काढलेल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. या खानावळीच्या दारावर लागलेल्या एका पाटीमुळे प्रस्तुत लेखातील प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ती पाटी आम्हीच लिहिली होती. म्हणून या विवेचनात आम्ही न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलो नाही, हे आरंभीच नमूद करणे बरे.

फेब्रुवारी २०२५ मधील गोष्ट. जागेचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते. काकू आम्हांस म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले. गिऱ्हाईक येईल असं काहीतरी दारावर लिहून द्या की." त्याच महिन्याच्या १४ तारखेस लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटाने संभाजीमहाराजांचे नाव एकाएकी साऱ्या उत्तर हिंदुस्थानाच्या ओठांवर आणले. ज्या शेजाऱ्यांना आजवर आमच्या इतिहासाची फारशी वार्ता नव्हती, ते जिन्यात अडवून आम्हांला प्रश्न विचारू लागले. शिवाय त्या महिन्याच्या २१ ते २३ या तारखांना अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरावयाचे होते, आणि महाराष्ट्रातून माणसे लोटणार होती. आम्ही विचार केला, की वारा अनुकूल आहे, शीड उभारावे. झुणका, भाकरी, ठेचा आणि ताक यांच्या नेहमीच्या ताटाला आम्ही 'छावा थाळी' असे नाव दिले, ते मोठ्या भगव्या अक्षरांत लिहिले, आणि काकूंना दर एकशेदहा रुपयांवरून एकशेचाळीस करावयास सांगितले. ताटात एक पापड वाढला. मोबदल्यादाखल आम्हांस एक वाटी सोलकढी मिळाली.

पाटी चालली. पाच आठवडे खानावळीसमोर रांग असे. तरुण मुले येत, पाटीखाली उभी राहून छायाचित्रे काढून घेत आणि जेवून जात. थकलेले भाडे फिटले. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता आमचा सल्ला अचूक ठरला, आणि काही दिवस आम्ही स्वतःवर बेहद्द खूष होतो.

त्या खानावळीत एक निवृत्त गृहस्थ रोज साडेबाराच्या ठोक्याला जेवावयास येत. पाटी लागल्यावर आठवड्याभरातच ते यावयाचे बंद झाले. रांगेमुळे त्यांना बाकावर जागा मिळत नसावी, असे आम्हांस वाटले. एके संध्याकाळी रस्त्यात गाठ पडली तेव्हा आम्ही विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "परवा आत बसलो होतो. एक पोरगा ओरडला, 'दोन छावा, एक ताक!' ज्या माणसाच्या हालांवर आदल्या दिवशी आपण थिएटरात डोळे पुसले, त्याच्या नावानं झुणका मागवायचा? माझ्या तोंडातून ते नाव तसं निघेना. न मागताच उठून आलो."

ते वाक्य आम्हांला फार बोचले. रागाने उच्चारलेले असते, तर आम्ही त्याला उत्तर देऊ शकलो असतो. १६८९ साली ज्या पुरुषाने असह्य यातना सोसून मरण पत्करले, त्याचे नाव आमच्या पाटीने ताकाच्या शेजारी आणून बसवले होते. आणि तरीही ज्या बाईने ती पाटी लावली, तिच्या डोक्यावरचे भाडे त्याच पाटीने उतरवले होते. या दोन गोष्टींपैकी एकही खोटी नाही. लोकांच्या मनात क्षणभर उसळलेल्या लाटेवर आपला माल तरंगवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून आमच्या मागे लागला आहे.

अशा प्रश्नाचा विचार करताना पहिला मोह होतो तो 'काळ बिघडला' असे म्हणण्याचा. तो आवरला पाहिजे, कारण ही प्रथा आजची नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. पाठोपाठ तीच रूपे कापडाच्या गाठींवरील चिठ्ठ्यांवर आणि साबणाच्या जाहिरातींवर झळकू लागली. १९४१ साली लीला चिटणीस यांची मुद्रा लक्स साबणाच्या जाहिरातीत आली, आणि 'बॉम्बे टॉकीज'च्या चित्रपटांनी त्यांच्याभोवती निर्माण केलेले तेज साबणाच्या वडीला लाभले. 'लव्ह इन सिमला' हा चित्रपट १९६० साली लागला, तेव्हा साधनेच्या कपाळावरील केसांची झालर गावोगावच्या केशकर्तनालयांनी 'साधना कट' या नावाने विकली. १९७३ साली 'बॉबी' आला आणि त्यात दिसलेली लहानशी राजदूत मोटारसायकल लोकांच्या तोंडी 'बॉबी'च झाली. आज फरक पडला आहे तो वेगाचा. पूर्वी एक लाट दोन-तीन वर्षे टिके. आता ती सोमवारी उठते आणि पुढच्या सोमवारी ओसरते. वेग वाढल्याने प्रश्न तीव्र झाला असेल, परंतु तो जन्माला काही आज आलेला नाही.

या प्रथेची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. आपल्या परंपरेने अर्थ हा पुरुषार्थ मानला आहे. दुकान मांडणाऱ्याने गिऱ्हाइकाला हाक मारली, तर त्यात पाप नाही. आणि हाक मारावयाची तर लोकांना कळेल अशाच शब्दांत मारली पाहिजे. मोठा उद्योग वर्तमानपत्राची पाने विकत घेऊ शकतो. काकूंसारख्या बाईजवळ भाकरी आणि दार यांपलीकडे काय आहे? सगळ्या गावाचे लक्ष जेथे लागले आहे, तेथे जाऊन उभे राहणे हा गरीब व्यापाऱ्याचा फुकटचा मंडप आहे. जत्रेला आलेली माणसे देवासाठी येतात, बांगडीवाल्यासाठी नव्हे. म्हणून बांगडीवाल्याने जत्रेत जाऊ नये, असे कोणी म्हणत नाही.

दुसरे असे, की ही कला कधीकधी खरोखर कला होते. अमूल लोण्याचे फलक आठवावेत. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातील ती मुलगी मुंबईच्या रस्त्यांवर उभी केली. निवडणूक, क्रिकेट, चित्रपट, दरवाढ, जे लोकांच्या तोंडी असेल त्यावर तिने तेव्हापासून आजतागायत कोटी केली आहे. प्रत्येक फलक आधी दाखवून मंजूर करून घेण्याची अट वर्गीस कुरियन यांनी घातली नाही, हेही प्रसिद्ध आहे. मंजुरीवाचून कागद न हलणाऱ्या कचेरीत बसून हे लिहिताना आम्हांला त्या औदार्याचा किंचित हेवा वाटतो. २०२१ च्या जूनमध्ये युरोपातील फुटबॉल स्पर्धेच्या वेळी रोनाल्डो या खेळाडूने वार्ताहरांसमोर मांडलेल्या पेयाच्या बाटल्या बाजूस सारल्या, आणि साऱ्या जगात त्याची चर्चा झाली. तेव्हा फेविकॉलने त्याच मेजावर आपली बाटली मांडून, ती जागची हलणारच नाही, असा विनोद केला. ज्याचा धंदाच चिकटवण्याचा, त्याने केलेली ती थट्टा पाहून आम्हीही हसलो. जो रस्त्याने जाणाऱ्याला हसवतो, तो त्याला काहीतरी देतो. घेतलेल्या लक्षाची ती परतफेडच म्हणावयाची.

मग खटकते ते काय? या ठिकाणी बहुतेक लोक कायद्याकडे वळतात, आणि आम्ही तर कायद्याच्या कागदांतच वाढलेली माणसे. 'चिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५०' हा कायदा काही नावांचा आणि चित्रांचा व्यापारासाठी वापर करण्यास मनाई करतो. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजीमहाराज आणि महात्मा गांधी यांची नावे आहेत. तेथे दिनदर्शिकांपुरता एक मजेदार अपवादही आहे. दिनदर्शिकेवर चित्र छापता येते, मात्र तीवर फक्त निर्मात्याचे आणि मुद्रकाचे नाव असावे, आणि तिचा उपयोग मालाच्या जाहिरातीसाठी होऊ नये. श्रद्धा आणि विक्री यांच्यामधली रेघ एका कारकुनाने किती काळजीने आखली आहे! हयात माणसांच्या बाबतीत न्यायालये अलीकडे जागरूक झाली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, चेहरा आणि आवाज यांच्या अनधिकृत व्यापारी वापरास मनाई केली. त्या आदेशाने त्यांच्या तोंडी प्रसिद्ध झालेल्या 'झकास' या शब्दालाही संरक्षण दिले. आमच्या आळीत आजोबांच्या काळापासून फुकट वापरला जाणारा शब्द दिल्लीच्या न्यायालयात एवढ्या मोलाचा ठरलेला पाहून मराठी माणसाला गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु कायदा विचारतो तो प्रश्न मालकीचा आहे. हे नाव कोणाचे आणि वापरण्याची परवानगी घेतली काय, एवढेच त्याला हवे असते. किंवा ग्राहकहिताचा कायदा विचारतो, की गिऱ्हाईक फसले काय. आमच्या पाटीपुरते पाहिले तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्या बाजूने आहे. 'छावा' हा सिंहाच्या बच्च्याला लावला जाणारा साधा मराठी शब्द. झुणका-भाकरी खाल्ल्याने कोणी पराक्रमी होईल, असे आम्ही म्हटले नव्हते. कोणीही फसले नाही. तरीही ते वृद्ध गृहस्थ न जेवता उठले. तेव्हा कायद्याच्या दोन्ही प्रश्नांच्या बाहेर काहीतरी उरते, आणि आम्हांला शोधावयाचे आहे ते तेच.

एका उदाहरणाने ते काहीसे स्पष्ट होईल. १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे पी. व्ही. सिंधू यांनी कांस्यपदक जिंकले. व्यक्तिगत खेळात दोन ऑलिंपिक पदके मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच दिवशी अनेक व्यापारी संस्थांनी त्यांचे अभिनंदन केले. मात्र त्या अभिनंदनात सिंधूंच्या चित्राशेजारी संस्थेचे बोधचिन्ह आणि माल हेही होते. त्यांच्या व्यवस्थापकांनी पुढे अशा संस्थांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या. यापूर्वी ऑक्टोबर २०१८ मध्ये, राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक काढणाऱ्या पृथ्वी शॉच्या बाबतीतही असेच घडले होते. नोटिसांचा भाग वकिलांवर सोपवू. आम्हांला विचार करावासा वाटतो तो त्या अभिनंदनाचा. अभिनंदन म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात निरपेक्षपणे सामील होणे. त्यात आपली पिशवी पुढे करणारा मनुष्य जे बोलतो, ते शब्दशः खरे असूनही अभिनंदन राहत नाही. लग्नघरी आहेर घेऊन आलेल्या पाहुण्याने पंगतीत उभे राहून आपल्या दुकानाचा पत्ता सांगावा, तसे ते होते. आहेर खोटा नसतो, परंतु त्याचे नाते खोटे ठरते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ साली तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगितले. आमच्या आयांनी तेच आम्हांला पंगतीच्या भाषेत शिकवले आहे.

आनंदाच्या बाबतीत हे, तर शोकाच्या बाबतीत अपराध अधिक गडद होतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. ७ मे रोजी भारताने केलेल्या लष्करी कारवाईला 'सिंदूर' हे नाव देण्यात आले, आणि त्या नावामागे कुंकू पुसल्या गेलेल्या स्त्रियांचे दुःख होते. त्याच दिवशी ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मिळावे, असे अर्ज दाखल झाले. त्यांत एका बड्या उद्योगसमूहाच्या चित्रपट-शाखेचाही अर्ज होता. टीका होताच त्यांनी तो मागे घेतला. तत्पूर्वी फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्करोगाविषयी जागृती करण्याच्या निमित्ताने एका नटीच्या मृत्यूची खोटी वार्ता पसरवण्यात आली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत असल्याचे जाहीर झाले. कोणी म्हणेल, की हेतू चांगला होता. परंतु लोकांची हळहळ हे काही सार्वजनिक पाणवठ्यावरचे पाणी नव्हे, की ज्याला हवे त्याने घागर भरून न्यावी.

येथवर आलो म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. दुसऱ्याच्या आनंदाला आणि शोकाला हात लावू नये, बाकी लाटांवर खुशाल स्वार व्हावे. आम्हीही काही दिवस असेच समाधान करून घेतले होते. पाटीचे नाव चुकले, एवढेच. एखाद्या हलक्याफुलक्या गाण्याचे नाव दिले असते तर कोणाचे काय बिघडले असते? या समजुतीला पुढे काकूंनीच धक्का दिला.

मार्चअखेर रांग सरली. त्याच आठवड्यात यंत्राकडून जपानी 'जिब्ली' चित्रपटांच्या शैलीत स्वतःची चित्रे काढवून घेण्याची नवी लाट आली, आणि पाहता पाहता दुकाने, उपाहारगृहे, एवढेच काय पण सरकारी खातीही तिच्यात उतरली. ज्या चित्रसंस्थेची ही शैली, ती १९८५ साली स्थापन झाली. तिचे प्रमुख दिग्दर्शक हायाओ मियाझाकी एकेका चित्रपटासाठी वर्षानुवर्षे हाताने चित्रे रेखाटवून घेतात. ते श्रम क्षणात नकलून कोणी चपला विकत होते, कोणी चहा. एका महाविद्यालयीन मुलाने काकूंना सुचवले, की छाव्याची पाटी आता जुनी झाली, तुमचे आणि दुकानाचे जपानी पद्धतीचे चित्र करून लावा. काकूंनी आम्हांला विचारले. आम्ही उत्साहाने होकार भरणार, तोच त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पाटीनं भाडं फिटलं, मी नाही म्हणत नाही. पण एवढी माणसं येऊन गेली, भाकरी कशी झाली म्हणून एकानं विचारलं नाही हो. ताटाकडं बघायच्या आधी पाटीकडं बघायची. आता चित्र लावलं, तर माझ्याकडंही तशीच बघतील."

पदवी घेऊनही जे आमच्या ध्यानात आले नव्हते, ते त्या बाईने दोन वाक्यांत सांगितले. वेदान्तात उपाधीचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. शुभ्र स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे स्फटिक तांबडा दिसतो. फूल उचलले, की तांबडेपणा जातो. स्फटिक खोटे बोलत नाही आणि फूलही खोटे बोलत नाही. भ्रम होतो तो केवळ सान्निध्याने. परंतु जोवर फूल शेजारी आहे, तोवर स्फटिकाची स्वतःची शुभ्रता कोणालाच दिसत नाही. आमच्या पाटीने नेमके हेच केले. पहाटे उठून थापलेल्या भाकऱ्या, खानदेशातून मागवलेल्या मिरचीचा ठेचा आणि तीस वर्षांची हातोटी यांतले काहीही त्या पाच आठवड्यांत कोणाला दिसले नाही. गर्दी आली होती, पण ती उसनी होती, दुसऱ्याच्या दारची. फूल उचलताच ती गेली, आणि जाताना काकूंच्या भाकरीची चवही बरोबर नेली नाही. तेव्हा लाटेवर स्वार होण्यात तिसऱ्याचा अपराध होतोच असे नाही. परंतु ज्याच्या भल्यासाठी आपण ते करतो, त्याच्या कामाचा अवमान होण्याचा संभव मात्र नेहमीच असतो.

यावर एक आक्षेप संभवतो. संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला श्रीखंड, आषाढीला साबुदाणा आणि चतुर्थीला मोदक हेही प्रसंगाचेच व्यापार नव्हेत काय? त्यांना आपण दोष देत नाही, मग लाटेलाच का द्यावा? हा आक्षेप आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरातच या प्रश्नाची किल्ली आहे. सण हा ऋतू आहे. तो परत येतो. यंदा ज्याने भेसळीच्या खव्याचे मोदक विकले, त्याला पुढच्या भाद्रपदात त्याच गिऱ्हाइकाला तोंड द्यावयाचे असते. शिवाय मोदक विकणारा स्वतःही त्या दिवशी घरी गणपती बसवतो. ज्या भावनेवर तो विक्री करतो, त्या भावनेत तो सामील असतो आणि तिला जबाबदारही असतो. लाट परत येत नाही. म्हणून तिच्यावर विकणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, आणि विकणाऱ्यालाही लाटेशी काही देणेघेणे नसते. सणांचाही आता निव्वळ सवलतींचा बाजार होऊ लागला आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु तो सणाचीच लाट होऊ लागल्याचा पुरावा आहे, लाटेचा सण झाल्याचा नव्हे.

या कसोटीवर मागील उदाहरणे पुन्हा लावून पाहावीत. अमूलचे फलक का खटकत नाहीत? कारण लाटा बदलल्या तरी ती मुलगी, तो विनोद आणि ते लोणी तेथेच आहेत. साठ वर्षांत त्या फलकाचाच ऋतू झाला आहे. फसलेल्या कोटीचा जाब पुढच्या आठवड्यात त्याच जागी द्यावा लागतो. रविवर्म्याची लक्ष्मी चिठ्ठीवर छापणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र आपल्या कापडाविषयी काहीच सांगावयाचे नव्हते. बीरभूम जिल्ह्यातील भुवन बाड्यकर यांची कथा याहून बोलकी आहे. हे गृहस्थ गावोगाव फिरून भुईमुगाचे कच्चे दाणे विकत आणि मोबदल्यात मोडके दागिने किंवा जुने मोबाईलही घेत. त्यासाठी त्यांनी स्वतः रचलेली हाळी 'कच्चा बादाम' या नावाने २०२२ च्या सुमारास देशभर गाजली. त्या हाळीत दाणे होते, त्यांचा भाव होता आणि विकणाऱ्याचा गळा होता. तो स्फटिकाचा स्वतःचा रंग होता. पुढे ज्यांनी कधी शेंग सोलली नाही, अशा शेकडो दुकानदारांनी त्याच चालीवर आपला माल नाचवला. सूर तोच, परंतु पहिल्याच्या ठिकाणी ते आत्मकथन होते आणि इतरांच्या ठिकाणी उसनवारी.

सारांश, जो व्यापारी लाटेकडे वळतो, त्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हांला वाटते. ज्याच्या आनंदातून, दुःखातून किंवा श्रमातून ही लाट उठली, तो समोर येऊन उभा राहिला तर आपण ही पाटी त्याच्या देखत लावू काय? आणि हे फूल उचलून नेल्यावर आपल्या मालाविषयी सांगण्यासारखे आपल्यापाशी काय उरते? पहिला प्रश्न दुसऱ्यांविषयीचे कर्तव्य सांगतो आणि दुसरा स्वतःच्या कामाविषयीचे. आमची पाटी या दोन्ही प्रश्नांपुढे उभी राहू शकत नाही, आणि भाडे फिटले हे त्यावरचे उत्तर होत नाही. परंतु भाडे फिटले हे विसरून या बाईला दोष देण्याचा अधिकारही पहिल्या तारखेस न चुकता वेतन घेणाऱ्या आम्हांस पोचत नाही. दोष द्यावयाचा तर तो, काकूंनी शब्द मागितले असता त्यांच्या भाकरीचे शब्द न शोधता बाजारातून तयार शब्द उचलून आणणाऱ्या लेखणीला दिला पाहिजे.

आणि ही खोड केवळ व्यापाऱ्यांची नाही. आम्ही कारकून मंडळी टिप्पणी लिहिताना त्या त्या वर्षीचा लाडका शब्द तीत पेरतो, म्हणजे ती वरच्या मेजावरून लवकर खाली येते. आमची मंडळे गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर गाजत्या नाटकाचा पल्लेदार शब्द छापतात. स्वतःचे सांगणे शोधण्याचे श्रम टाळून दुसऱ्याच्या तेजात उभे राहण्याची ही सवय आहे, आणि ती दुकानात शिरण्याच्या कितीतरी आधी मनात शिरलेली असते. बदलीच्या नोकरीत गावे मागे पडतात, माणसे मागे पडतात, भाषाही हळूहळू अंगावरून ओसरते. अशा स्थितीत माणसाजवळ स्वतःचे म्हणून जे थोडे उरते, त्यात कामाची चव ही एक गोष्ट आहे. काकूंना ती जपावीशी वाटली, याचे मोल आम्हांला उशिरा कळले.

छाव्याची पाटी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरली. तिच्या जागी काकूंनी मुलाची जुनी शाळेची पाटी टांगली आहे. तीवर रोज सकाळी खडूने त्या दिवसाचे जिन्नस लिहिलेले असतात: वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, कढी. दर पुन्हा एकशेदहा झाला आहे. रांग नसते आणि भाड्याची काळजी अजून संपलेली नाही. मात्र दोन-तीन तरुण मुले, जी पाटीसाठी आली होती, ती आता भरिताच्या दिवशी आठवणीने येतात, एवढे नोंदवले पाहिजे.

पाटी उतरल्याचे सांगावयास आम्ही त्या निवृत्त गृहस्थांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला, आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं केलंत. पण आता डबा लावलाय दुसरीकडं. या वयात पुन्हा सवय बदलवत नाही." साडेबाराला खानावळीतील कोपऱ्याचे बाकडे आजही बहुधा रिकामे असते, आणि त्याच्या समोर बसून जेवताना आमची नजर त्याकडे जातेच.